पावशा काय म्हणतो?

भाषा माणसं घडवतात; पण तिच्या घडणीत पाखरांचाही वाटा असतो. इंग्रजीत वंशावळीला ‘पेडिग्री’ म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘क्रौंच पक्ष्याचा पाय’. कुळाचा तक्ता काढताना बापाकडून मुलांकडे जाणाऱ्या रेघा त्या पक्ष्याच्या बोटांसारख्या दिसत. याच पक्ष्याच्या लांब मानेवरून ओझं उचलणाऱ्या यंत्राला ‘क्रेन’ हे नाव पडलं. साखर कारखान्याच्या गव्हाणीजवळ ऊस उतरवणारी क्रेन आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांना चांगली ठाऊक आहे. तिच्या नावात एक पाखरू लपलंय, हे मात्र कुणी सांगत नाही.

आपल्या मराठीतही असंच आहे. शेतकरी फवारणीसाठी चुन्यात मिसळतो त्या मोरचुदाला मोराच्या गळ्याच्या निळाईवरून नाव मिळालं. शहामृगातला ‘मृग’ हरीण नव्हे. फारसीत ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. मराठी कानानं त्याचा मृग केला.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पावशा. उन्हाळा सरता सरता तो झाडात लपून ओरडू लागतो. पाखरू तेच, तीन सुरांचं ओरडणंही तेच. ते ऐकून उर्दू-हिंदीतला विरही म्हणाला, ‘पी कहाँ’, माझा प्रियकर कुठे आहे? उकाड्यानं हैराण झालेल्या इंग्रज साहेबाला त्यातच ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आलं, म्हणजे डोक्यात चढलेला ताप. आणि आपल्या कुणब्यानं ऐकलं, ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा!’

पाखरानं नुसता सूर दिला. अर्थ ज्यानं त्यानं आपल्या जगण्यातून घातला. ज्याचा जीव जिथं अडकलेला, तेच त्याला ऐकू येतं. १९७२चा दुष्काळ सोसलेल्या आमच्या भागात तर ‘पेर्ते व्हा’ म्हणजे वर्षभराच्या भाकरीचा निरोप.

दसऱ्यानंतर इथली कितीतरी बिऱ्हाडं कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. मुलं फडाजवळच्या कोपीत वाढतात आणि उन्हाळ्यात गावी परततात. नेमकी तीच पावशाची वेळ. पुस्तकातली म्हण पाठ होईल. पण हा आवाज कुणीतरी बोट धरून बांधावर नेल्याशिवाय कळत नाही. आजीनं ऐकवला नाही, तर शब्द उरेल आणि त्यातलं पाखरू उडून जाईल.

म्हणून एक विनंती. यंदा पावशा ओरडला की लेकरांना लगेच अर्थ सांगू नका. आधी विचारा, ‘तुला काय ऐकू येतंय?’ ऊसतोडीवरून आलेलं पोर कदाचित ‘घरी ऱ्हावा’ असंही म्हणेल. ते खोडू नका. मराठीत एका नव्या शब्दाची भर पडली, असं समजा.