पगारातले दोनशे रुपये आणि शहरातली रोजगार हमी



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. तुमच्यापैकी नोकरी करणाऱ्या बहुतेकांचा तो कापला जात असेल. हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी आला. दुष्काळी गावात खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला शहरातल्या पगारदारानं हातभार लावावा, हा त्यामागचा विचार. मला तो आजही रास्त वाटतो.

त्याचा फायदा शहरालाही होतो. गावात काम मिळालं, तर नाइलाजानं मजूर नाक्यावर येऊन उभे राहणारे कमी होतात. नाक्यावर गर्दी कमी, तर मजुरीचा भाव टिकतो.

पण शहरातल्या गरिबाला हमी कोणाची? राज्याचा १९७७ चा कायदा आणि केंद्राचा २००५ चा कायदा, दोन्ही मुख्यतः ग्रामीण भागासाठी झाले. महाराष्ट्रात दहापैकी सुमारे सात मुसलमान शहरांत राहतात. भिवंडी-मालेगावात यंत्रमाग बंद पडले की कामगार उधारीवर जगतो. घरी शिवणकाम करणाऱ्या बाईला नगामागे किती द्यायचे, ते काम देणारा ठरवतो. कारण तिच्याकडे दुसरं काम नाही, हे त्याला ठाऊक असतं.

केरळनं २०१० मध्ये आणि राजस्थाननं २०२२ मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली. सुरुवातीला मागेल त्या कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी होती. खरी ताकद त्या १०० दिवसांच्या मजुरीपेक्षा मोठी आहे. ‘परवडत नाही, मी दुसरीकडे जातो’ असं कामगाराला म्हणता आलं, की मालकालाही दर वाढवावा लागतो.

मात्र उड्डाणपूल बांधणं म्हणजे रोजगार हमी नव्हे. तिथं कंत्राटदाराचा जेसीबी काम करतो. आपल्याला माणसांच्या हाताला काम देणारी यादी हवी: पालिका शाळांची डागडुजी, झाडं लावणं-जगवणं, वस्तीतली पाळणाघरं. काम घराजवळ असेल, तर बायकाही येतील.

ही मागणी एका समाजाची सवलत म्हणून करू नका. नाक्यावर उभा राहणारा प्रत्येक जण आपल्यासोबत हवा. आपापल्या वॉर्डात अशा कामांची यादी करा आणि ती घेऊन नगरसेवकाकडे, आमदाराकडे जा. शहराच्या पैशानं गावाला हमी देता आली, तर शहरातल्या गरिबालाही देता येईल. मागायला मात्र आपल्यालाच जावं लागेल.