अर्ध्या तिकिटाचा प्रवास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला, 'प्रवासातील चित्रे आणि चालू गोष्टी'. घरी सांगितले तर मुलगा म्हणाला, "आई, तू गेलीस कुठे एवढी?" त्याचे म्हणणे खोटे नाही. काश्मीर नाही, काशी नाही, सिंगापूर तर नाहीच नाही. आम्हा चौघींचा प्रवास म्हणजे महिन्यातून एकदा सकाळची आमटी-भाजी करून स्टँडवर जायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचे. पण दोन-अडीच वर्षे हा नेम चालला आहे, आणि घरात बसून जे कळले नसते ते त्यात थोडेफार कळले, म्हणून बोलायला उभी राहिले.

या प्रवासाचे मूळ सरकारी आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. त्याच्या आदल्या वर्षी पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली होती. पुरुषांना पासष्ट वर्षे पुरी व्हावी लागतात तेव्हा कुठे अर्ध्या तिकिटाचा मान मिळतो. आमच्या घरी याचा परिणाम असा झाला की, जन्मभर ज्यांच्यामागे "मलाही न्या ना" म्हणत फिरले ते आता म्हणतात, "तू जाऊन ये, मला पूर्ण तिकीट पडते." एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. त्यानंतर पंच्याहत्तर वर्षांनी का होईना, बायकांना जागेवरून उठवायला एक कागद पुरला. पैसा वाचतो ही गोष्ट खरी, पण त्याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. पूर्वी "कशाला जातेस?" याला उत्तर द्यावे लागे. आता "अर्धे तिकीट आहे" एवढे उत्तर पुरते!

पहिली फेरी त्र्यंबकला. अंतर जेमतेम २८ किलोमीटर. कुशावर्तावर हातपाय धुतले, नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेल्या देवळात रांगेत तीन तास उभ्या राहिलो. रांगेत पुढे उभी असलेली कॉलेजातली मुलगी मोबाइलवर स्वतःची छायाचित्रे काढीत होती. एक झाले की दुसरे, आणि प्रत्येक वेळी तोच चेहरा. आमच्यातल्या एकीने तिला विचारले, "बाळ, इथे सिनेमाचे दादासाहेब फाळके जन्मले, ठाऊक आहे ना?" तिने भाबडेपणाने विचारले, "ते अवॉर्डवाले?" म्हटले, तेच. ३० एप्रिल १८७० चा जन्म त्यांचा, याच गावातला. अवॉर्ड मागाहून आले, आधी माणूस होता.

फाळक्यांचे नाव निघाले की मला सरस्वतीबाई आठवतात. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. तो काढताना या बाईने अंगावरचे दागिने गहाण टाकू दिले, सगळ्या कंपनीचा स्वयंपाक केला, आणि रात्री दिव्याच्या उजेडात फिल्मच्या पट्टीला भोके पाडली, रसायने कालविली. मुलगा रोहिदास झाला. तारामतीचे काम करायला मात्र एकही बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात स्वयंपाकाला असलेले साळुंके तारामती झाले. म्हणजे पाहा, बाईचे काम स्वयंपाकघरातल्या पुरुषाने केले, आणि घरातल्या बाईने कंपनीचे स्वयंपाकघर आणि कारखाना दोन्ही सांभाळले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचीही कामे केली. बायका मिळत नसल्या की पुरुषांची किती ओढाताण होते, हे यावरून दिसेल.

त्यानंतर फाळके कारखाना घेऊन आपल्या नाशिकला आले. १९१३ च्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. हिंदुस्थानच्या पडद्यावर आलेल्या या पहिल्या बायका, मायलेकी. कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, नट विक्रम गोखले यांच्या आजी. तो चित्रपट आज नाही. फिल्म गेली, मायलेकींचे ते काम गेले. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली होती, ते मात्र अजून पाहायला मिळते. ती चिमुरडी काय धीट आहे! नातवंडांना जरूर दाखवा.

याच्या पुढचे टोक आम्ही २०२३ साली पाहिले. 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा या सभागृहातल्या निम्म्याहून अधिक जणी नऊवारी नेसून थिएटरात होत्या. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, आणि आतल्या आत साचलेली भांडणे. चित्रपट बरा की वाईट यावर आमच्यात मतभेद आहेत. मला स्वतःला शेवट जरा गोड वाटला. पण मध्यंतरात जिन्यावर फुगड्या चालल्या होत्या आणि दारावरचा माणूस बावरून उभा होता. तारामतीसाठी बाई न मिळालेल्या सिनेमाला एवढ्या बायका मिळालेल्या पाहून मौज वाटली.

लासलगावची फेरी झाली ती हौसेने नव्हे, एकीच्या बहिणीकडे बारसे होते म्हणून. तिथे बाजार समितीत ट्रॅक्टरच्या ओळी पाहिल्या. एकेका ट्रॉलीसमोर व्यापारी क्षणभर थांबतात, मूठभर कांदे हातात घेतात, भाव बोलतात आणि पुढे सरकतात. वर्षाच्या कष्टाचा निकाल मिनिटाच्या आत. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत उघडली नाही. कांदा महाग झाला की दिल्लीपर्यंत आरडाओरड होते. मातीमोल झाला की तो फक्त आमच्या जिल्ह्याच्या पानावर येतो. बारशाच्या घरी कांदाचाळीत सडका माल निवडणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यापुढे आपण बाजारात "दहाला पाव किलो? फारच महाग" म्हणतो ते मला काही बरे वाटले नाही. असो.

आता मला जी फेरी सगळ्यांत आवडली तिच्याकडे येते. ती पांडवलेण्यांची. आपल्या डोळ्यांसमोरचा डोंगर, पण आमच्यातल्या दोघी चाळीस वर्षे नाशिकात राहून कधी वर चढल्या नव्हत्या. सुमारे २०० पायऱ्या, मध्ये तीनदा बसलो. तिसऱ्या लेण्यात ओसरीच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहनांचा गौतमीपुत्र सातकर्णी, त्याची ही आई. तिने भिक्षूंना लेणे दिले आणि लेखात स्वतःला महाराजांची आई व महाराजांची आजी म्हणवून घेतले. मुलाचे पराक्रम सांगता सांगता तो आईची सेवा कधी चुकवीत नसे, हेही कोरून ठेवायला ती विसरली नाही. कोणती आई विसरेल? सुनेचे काय म्हणणे होते ते मात्र कोठे कोरलेले नाही.

मुलगा आईच्या नावाने गौतमीपुत्र म्हणविला जात होता. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आधी आईचे, मग वडिलांचे नाव सरकारी कागदावर येते. वर्तमानपत्रांनी याला क्रांतिकारक निर्णय म्हटले. डोंगरावर ती क्रांती १९०० वर्षे उन्हापावसात उभी आहे.

दहाव्या लेण्यात आणखी एक आहे, दक्षमित्रा. नहपान क्षत्रपाची मुलगी, उषवदाताची बायको. तिने एक खोली दान दिली. लेखात बापाचे आणि नवऱ्याचे नाव आहेच, पण तिचे स्वतःचेही आहे. खोलीला तिथे जो शब्द कोरला आहे तो आपल्या ओवरीच्या अगदी जवळचा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. मला त्या दिवशी ती ओवरी आठवली.

डोंगर उतरताना आम्ही चौघींनीही फोटो काढले. किती? मोजले तर १८६. त्यांतले कागदावर एकही नाही. फोन बदलला की जातील. दक्षमित्रेने एकच ओळ कोरली, ती आहे. दुर्गाबाईंची फिल्म नाही.

हे आज सांगण्याचे कारण आपले कपाट. स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रे काढताना मंडळाचा एक जुना समूहफोटो सापडला. चौदा जणी आहेत. खाली नावे लिहिली आहेत, पण कशी? 'सौ.' आणि पुढे यजमानांची आद्याक्षरे व आडनाव. एकीचेही स्वतःचे नाव नाही. आडनावांवरून आणि सुना-नातसुनांना विचारून अकरा जणींची नावे लागली. राहिलेल्या तिघींसाठी तो घेऊन आम्ही मंडळाच्या सर्वांत वडील सभासद आक्कांकडे गेलो. त्यांना एक्याण्णवावे चालू आहे. भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिले. पहिली ओळखली, दुसरी ओळखली, नावानिशी, माहेरच्या नावानिशी. तिसरीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही होय! हिच्या हातची दडपे पोहे... आणि शिलाईचा वर्ग हिनेच सुरू केला गं. मशीन स्वतःचे आणले होते, डोक्यावर घेऊन." नाव मात्र आठवेना. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा आम्ही भिंग काढून घेतले आणि चहा मागितला.

तोच शिलाईचा वर्ग, ज्यातून मंडळाला पहिली शिल्लक पडली.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा मध्यरात्रीपर्यंत जागून आपण स्मृती, जेमिमा, दीप्ती अशी नुसत्या नावांनी हाक मारत होतो, जणू शेजारच्याच. मला तो फोटो आठवत होता.

फोटो आज दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, शेजारी भिंगही आहे. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरी, रुंद काठाचे लुगडे, केसांत फूल. खाली 'सौ.' आहे, पुढची अक्षरे वाळवीने खाल्ली आहेत. कोणाच्या सासूबाई, आजेसासूबाई, कोणाची आजी शिलाई शिकवीत असेल, तर चहा घेऊन झाला की पाहून जा. पेन्सिल दोरीने बांधून ठेवली आहे. फोटोच्या मागे लिहा.