थायलंडमध्ये निवृत्तीच्या व्हिसावरून नोकरीच्या व्हिसावर

पन्नाशी गाठलेल्या परदेशी माणसाला थायलंड निवृत्त म्हणून राहू देते. मुक्काम वर्षावर्षाने वाढवून मिळतो. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बात ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५ हजार बात उत्पन्न दाखवावे लागते. नोकरी मात्र करता येत नाही. पुढे चिआंग माई किंवा हुआ हिनमध्ये घर करून राहिलेल्या एखाद्याला रिकामपण खायला उठते, पेन्शन पुरेनाशी होते आणि जवळच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याचे काम चालून येते.

राहण्याची मुभा इमिग्रेशन पोलीस देतात, कामाचा परवाना कामगार मंत्रालयाचे रोजगार खाते देते. निवृत्तीच्या मुक्कामावर हा परवाना मिळत नाही, म्हणून आधी निवृत्तांचा 'ओ' किंवा 'ओ-ए' व्हिसा सोडून नोकरीचा 'बी' घ्यावा लागतो. रुळलेली वाट अशी: नोकरी देणारी संस्था रोजगार खात्याकडे आगाऊ अर्ज करते आणि खात्याचे पत्र घेऊन उमेदवार व्हिएन्तियानसारख्या जवळच्या शहरातील थाई वकिलातीत जातो. निघताना पुनर्प्रवेशाची परवानगी घेतली नसेल, तर निवृत्तीचा मुक्काम देश सोडताच संपतो. एरवी ही चूक महागात पडते, इथे ती पथ्यावर पडते. 'बी' व्हिसावर परतल्यावर ९० दिवस मिळतात. तेवढ्यात परवाना काढून मुक्काम वाढवून घ्यायचा.

मालकाचे कागदही तपासले जातात. खासगी कंपनीला एका परदेशी माणसामागे साधारणपणे २० लाख बात भांडवल आणि चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. वर्षाच्या मुदतवाढीसाठी भारतीय नागरिकाचा पगार किमान ३५ हजार बात असावा लागतो. शाळेत शिकवायचे तर शिक्षक परिषदेचा परवाना किंवा त्यातून तात्पुरती सूट हवी. केशकर्तन, थाई मसाज, पर्यटकांचा गाइड ही कामे थाई नागरिकांसाठीच राखीव आहेत.

परवाना हाती येण्याआधी कामावर रुजू झाल्यास ५ हजार ते ५० हजार बात दंड आणि देशाबाहेर रवानगी. 'दोन दिवस येऊन बसा, कागद मागाहून येतील' असे मालक म्हणाला, तरी ऐकू नये.

२०२२पासून दीर्घ मुदतीच्या एका व्हिसावर श्रीमंत पेन्शनरालाही कामाचा परवाना मिळू शकतो. पण वर्षाला ८० हजार डॉलर घरबसल्या येणारा माणूस शाळेत फळा पुसायला कशाला जाईल?

निवृत्तीचा मुक्काम स्वतःच्या पैशावर उभा असतो, नोकरीचा मालकाच्या मर्जीवर. नोकरी सुटली की मुक्कामही संपतो. पुन्हा निवृत्त म्हणून राहायचे, तर ८ लाख बात अर्जाच्या दोन महिने आधीपासून खात्यात असावे लागतात. तेव्हा पगार सुरू झाला तरी ती ठेव मोडू नये.