थेंबाएवढी प्रयोगशाळा



डिलाईल रोडवरच्या माणसाने प्रयोगशाळेवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण रात्रशाळेत आणि वाचनालयात झाले. हयात गेली कामगार संघटनेत. पण या विषयाशी माझे नाते जुने आहे.

१९८० साली माझे वडील एका गिरणीच्या साचेखात्यात बदली कामगार होते. सकाळी दारावर हजर राहिले तर काम, नाही तर दिवस फुकट. त्यांना खोकला लागला. एक दिवस थुंकी द्यायची, दुसऱ्या दिवशी छातीचा फोटो, तिसऱ्या दिवशी निकाल. प्रत्येक खेपेला एक खाडा. म्हणून ते जाणेच टाळीत. क्षय आहे हे कळेपर्यंत दीड महिना गेला आणि त्याच खोलीत धाकटी बहीणही खोकू लागली. दोघे बरी झाली. वडिलांचे बदलीचे काम मात्र गेले.

हा वेळ वाचवणारी विद्या आता निघाली आहे. काचेच्या वा प्लास्टिकच्या लहानशा पट्टीवर केसासारख्या बारीक नाल्या कोरतात आणि त्यांतून थेंबाचाही अंश खेळवतात. तिला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. आपण सूक्ष्मप्रवाहशास्त्र म्हणू. इतक्या अरुंद वाटेत पाणी भोवरे घेत नाही. दोन द्रव शेजारी सोडले तर साच्यावरच्या ताण्याच्या धाग्यांसारखे समांतर जातात, म्हणून त्यांच्यावर हुकमत चालते. शिवाय थोडे द्रव लवकर तापते, लवकर निवते. चहाची किटली वेळ घेते. चमचाभर पाणी चटकन उकळते.

क्षयजंतूची जनुकीय खूण ओळखायची तर नमुना अनेकदा तापवून निववावा लागतो. हे काम चिमुकल्या चिपवर करणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र गोव्याची मोलबायो कंपनी बनवते. ते बॅटरीवर चालते आणि सुमारे तासाभरात निकाल देते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. जंतू सापडल्यास, रिफॅम्पिसिन हे औषध त्याच्यावर चालेल की नाही, हे दुसऱ्या चिपने कळते.

संशोधनातही या नाल्यांचा मोठा उपयोग आहे. २०१० साली अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी चिपवर फुप्फुसाचा तुकडाच उभा केला. पातळ पडद्याच्या एका बाजूला फुप्फुसाच्या पेशी व हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी व वाहता द्रव. आणि तो पडदा श्वासाप्रमाणे ताणायचा, सैल करायचा. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण त्यावर सोडले, तेव्हा पडदा हलत असताना इजा अधिक झाली. स्वस्थ पडलेल्या पेशींनी ही गोष्ट सांगितली नसती. धूळ आणि धाप एकत्र आली की काय होते, हे आमच्या गिरणगावाने छातीवर सोसले आहे.

मित्रहो, आपल्या रस्त्याला ना. म. जोशी यांचे नाव आहे. कामगाराच्या तासांचा हिशेब मागायला त्यांच्या पिढीने शिकवले. यंत्राने दीड महिन्याचा तास केला, हे त्याचे काम झाले. पण आजच्या कंत्राटी सफाईवाल्याला, सामान पोचवणाऱ्या पोराला तो तासही बुडीतच पडणार असेल, तर तोही खोकला लपवील. म्हणून माझी मागणी साधी आहे: यंत्र वस्तीत आणा, आणि तपासणीचा तास हजेरीत धरा.