तिकिटांच्या गावात वेताळ

रद्दीच्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या माझ्या मित्रांनो,

नाशिकमध्ये 1926 पासून टपाल तिकिटं छापली जातात. त्यामुळे छपाईत चुकलेलं तिकीट जास्त जपायचं, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. कॉमिक्सच्या वाट्याला मात्र हा मान आला नाही. माझ्या इंद्रजालचा गठ्ठा आईने किलोवर घालून टाकला; त्याच फळीवरचा तिकिटांचा अल्बम राहिला.

'इंद्रजाल कॉमिक्स' मार्च 1964 मध्ये निघालं, 1990 मध्ये बंद पडलं. त्यातला ली फॉकचा फँटम बंगालीत अरण्यदेव झाला. ठीकच, राहतो जंगलात. मराठीत तो झाला वेताळ! आमच्याकडे तेव्हा 'चांदोबा' मासिकही यायचं. त्यातला वेताळ विक्रमाच्या खांद्यावरून कोडी घालायचा. आणि वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून लोक त्याला भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात. कवटीची अंगठी घालणारा हा बुटातला घोडेस्वार मी बिनदिक्कत त्यांच्याच भाऊबंदांत बसवला होता. बुटांचं तेवढं खटकायचं.

फॉकच्या गोष्टीतला देश 'बेंगाली'. बंगालशी गल्लत नको म्हणून इंद्रजालने त्याचा 'डेंकाली' केला. तिकिटावर अशी अदलाबदल झाली असती, तर संग्राहकांनी भिंग लावून बघितली असती.

आणि इंद्रजालमधल्या डाकूकथा? 1972 मध्ये चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायणांपुढे शस्त्रं ठेवली. 1976 मध्ये इंद्रजालमध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. बाप डाकू, पोरगा मात्र गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभारून डाकूंशीच लढणारा. सोबत बेला, आणि लग्नाची बात नाही. आईने हे उघडून पाहिलं असतं, तर गठ्ठा दोन वर्षं आधीच गेला असता. वेताळाच्या अंकांना आज गिऱ्हाईक आहे. बहादूरचे अंक तळाशी पडून असतात. म्हणून या वेळी संमेलनाच्या प्रदर्शनात दारातलं पहिलं टेबल त्याला दिलंय.

न्याहारीला मिसळ आहे, पापड-दह्यासकट. हात साबणाने धुऊनच प्रदर्शनात या. रश्श्याचा डाग कागदावरून निघत नाही. माझ्याकडे उरलेल्या एकुलत्या एक अंकावर तो आहे, आणि तो मीच पाडलेला आहे.