परतीचे तिकीट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



परमुलखात माणसाला घर आठवते, हे सांगण्यासाठी भाषणाची गरज नाही. प्रश्न वेगळा आहे: त्या आठवणीवर ताबा कोणाचा?

कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज हिंदी मजुरांना घेऊन लागले. गुलामगिरी 1838 मध्ये संपली होती आणि ऊसमळ्यांच्या मालकांना नवे, स्वस्त हात हवे होते. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार माणसे त्या बेटावर गेली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, कलकत्त्याहून बोटीत चढलेली. करार पाच वर्षांचा. परंतु परतीच्या मोफत प्रवासासाठी बेटावर दहा वर्षे काढावी लागत. पुढे त्या प्रवासाचाही काही खर्च मजुराच्याच माथी आला. 1869 पासून काही वर्षे परतीच्या हक्काच्या बदल्यात जमीन देऊ केली गेली. म्हणजे घरच्या ओढीचा मालकांनी चक्क हिशेब मांडला होता.

पासावाचून मळा सोडणाऱ्याला तुरुंग ठरलेला. स्त्रिया संख्येने थोड्या. हिंदू रीतीने लागलेल्या लग्नाला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायद्याची मान्यता नव्हती. मुले कागदोपत्री अनौरस. एकाकीपणाला यापेक्षा निराळे कारण शोधण्याची जरुरी नाही. त्यातूनही माणसांनी नाती जोडली. बोटीत तीन महिने एकत्र काढलेले ते ‘जहाजी भाई’. जातीची बंधने समुद्रात सैल झाली, पण जहाजींच्या मुलांमध्ये सोयरीक करू नये, इतके हे नाते पुष्कळ घरांत सख्खे मानले गेले.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी 4 मार्च 1912 रोजी केंद्रीय विधिमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला. मजूर पाठवणे 1917 मध्ये थांबले, उरलेले करार 1920 मध्ये संपले. तोवर परतणाऱ्यांपेक्षा तिथेच राहिलेल्यांची संख्या कितीतरी मोठी झाली होती.

हे सारे नगर जिल्ह्यात सांगण्याचे कारण ऊसच. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 साली सुरू झाला. जिल्ह्याच्या उत्तरेत ऊस वाढला, गाळप वाढले. दक्षिणेतील पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू गावांतून मात्र दसरा आटोपला की बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसे कोयते घेऊन बाहेर पडू लागली. दिवाळी खोपीत. गावात राहतात म्हातारी माणसे आणि काही मुले. ज्या मुलांना बरोबर नेतात, त्यांची शाळा सुटते.

तुलना ताणू नये. पाथर्डीचा मजूर सहा महिन्यांनी परत येतो, आणि त्याच्यामागे गोऱ्या सरकारचा पास नाही. पण मुकादमाची उचल आहे. नवराबायकोचा मिळून एक कोयता, त्यावर घेतलेले पैसे फिटेपर्यंत फडातून निघता येत नाही. घरी म्हातारी आजारी पडली तरी. राहिलेली बाकी पुढल्या हंगामाच्या डोक्यावर बसते. परतीचे तिकीट इथेही दुसऱ्याच्याच खिशात.

ऊसतोड कामगारांची आंदोलने बहुधा तोडणीच्या दरावर होतात, आणि ते साहजिक आहे. राज्य शासनाने 2021 मध्ये या कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. मूल गावाजवळ राहून शिकेल, हा तिचा फायदा. आईबापांनी हंगामात चार दिवस त्या मुलाकडे यावे, उचलीचा तगादा न लागता यावे, ही मागणी मात्र दराच्या मागणीपत्रात अजून लिहायची आहे.