द्वेषाला कायद्याचे उत्तर : ब्रिटनमधील ज्यूद्वेषाचा प्रश्न



एखाद्या अल्पसंख्य समाजाविषयी द्वेष पसरू लागला, तर सरकारने काय करावे? द्वेष पसरवणाऱ्यांना शासन करावे आणि ज्यांचा द्वेष केला जातो त्यांचे रक्षण करावे, असे उत्तर कोणीही सहज देईल. परंतु कोणते शब्द गुन्हा मानावेत, कोणती मिरवणूक अडवावी आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती सोपवावा, हे प्रश्न पुढे येताच एकमत संपते. ब्रिटनमध्ये ज्यूद्वेषाच्या संदर्भात हा वाद जवळजवळ नव्वद वर्षे चालू आहे. कायद्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घेण्यास त्याचा इतिहास उपयोगी पडेल, म्हणून आज मी तोच आपल्यापुढे ठेवणार आहे.

१९३२ साली ऑस्वाल्ड मोस्ले याने ब्रिटनमध्ये फासिस्ट पक्ष स्थापन केला. लंडनच्या ईस्ट एंड भागात रशिया व पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबांची दाट वस्ती होती. शिंपीकाम, सुतारकाम आणि किरकोळ व्यापार यांवर गुजराण करणाऱ्या या वस्तीतून ४ ऑक्टोबर १९३६ रोजी काळ्या गणवेशातील आपल्या अनुयायांची मिरवणूक नेण्याचे मोस्लेने ठरवले. तिच्यावर बंदी घालावी, असा हजारो सह्यांचा अर्ज गृहखात्याकडे गेला. पण गृहमंत्री सर जॉन सायमन यांनी बंदी घातली नाही. ज्यू समाजाच्या अधिकृत प्रतिनिधी मंडळाने आपल्या लोकांना घरात राहण्याचा सल्ला दिला. तो अनेकांनी मानला नाही. केबल स्ट्रीटवर अडथळे रचले गेले. ज्यू तरुणांच्या खांद्याला खांदा लावून आयरिश गोदी कामगार उभे राहिले आणि अखेर पोलीस आयुक्तांना मिरवणूक दुसरीकडे वळवावी लागली. मात्र पुढच्याच रविवारी माइल एंड रोडवरील ज्यूंच्या दुकानांच्या काचा फुटल्या, हेही विसरून चालणार नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पार्लमेंटने सार्वजनिक सुव्यवस्थेचा कायदा संमत केला. राजकीय गणवेशास मनाई झाली, गृहमंत्र्यांच्या संमतीने मिरवणुकांवर तीन महिन्यांपर्यंत बंदी घालण्याचा अधिकार मिळाला आणि शांतताभंग घडवू शकेल अशी अपमानकारक भाषा गुन्हा ठरली. नागरी स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांनी तेव्हाच इशारा दिला होता की, फासिस्टांसाठी घडवलेले हे शस्त्र उद्या कामगारांवरही उगारले जाईल. ही भीती निराधार नव्हती. १९३७ च्या जूनमध्ये ईस्ट एंडमध्ये जी बंदी आली, ती फासिस्टांप्रमाणेच त्यांच्या विरोधकांच्या मिरवणुकांनाही लागू झाली.

या कायद्याचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याने रक्षण केले ते शांततेचे, ज्यू माणसाचे नव्हे. सभ्य भाषेत विष कालवणारा वक्ता त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. कायदा अमलात आल्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १९३७ मध्ये झालेल्या लंडन कौंटी कौन्सिलच्या निवडणुकीत ईशान्य बेथनल ग्रीनमध्ये फासिस्टांना सुमारे २३ टक्के मते पडली. जागा एकही मिळाली नाही. पण गणवेश उतरला म्हणून मते उतरली नाहीत, हे त्यावरून स्पष्ट झाले.

मग ती कशाने उतरतात? याचे एक उत्तर त्याच भागात सापडते. स्टेप्नेमधील मोडकळीस आलेल्या चाळींत भाडे वसूल करणारे घरमालक दुरुस्ती करीत नसत. भाडेकरूंच्या संघटनेने ज्यू आणि ख्रिस्ती कुटुंबांना एकत्र आणून भाडेबंदीचे लढे दिले. या कामातील एक पुढारी फिल पिराटिन यांनी नोंदवून ठेवले आहे की, घराबाहेर काढले जाणारे एक कुटुंब मोस्लेच्या पक्षाचे असूनही संघटना त्याच्या मदतीला धावली. ज्यू शेजारी आपल्या हालअपेष्टांचे कारण नसून आपल्यासारखाच त्या भोगणारा आहे, हे अनुभवाने पटले, तेव्हा द्वेषाची पकड सैल झाली. हे काम कोणत्याही कलमाने झाले नसते.

तरीही कायद्याची गरज उरत नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. १९४७ च्या जुलैअखेरीस पॅलेस्टाइनमध्ये ज्यू अतिरेक्यांनी दोन ब्रिटिश सार्जंटांना फाशी दिले, तेव्हा ऑगस्टमध्ये लिव्हरपूल, मँचेस्टर, ग्लासगो या शहरांत ज्यूंवर हल्ले झाले. दूर देशी काही थोड्यांनी केलेल्या कृत्याचा जाब येथील दुकानदाराला विचारला गेला. त्या वेळी ज्यूंविरुद्ध जळजळीत अग्रलेख लिहिणाऱ्या मोरकॅम येथील एका संपादकावर राजद्रोहात्मक लेखनाचा खटला भरण्यात आला. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. जुने हत्यार या कामाचे नाही, हे त्यातून दिसून आले.

वांशिक द्वेष चेतवणे हा स्वतंत्र गुन्हा ब्रिटनमध्ये १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने अस्तित्वात आला. येथे भारतीय श्रोत्यांना एक विसंगती जाणवल्याशिवाय राहणार नाही. समाजासमाजांत वैर वाढवणे हा गुन्हा ठरवणारे १५३-अ हे कलम त्याच ब्रिटिश राज्यकर्त्यांनी १८९८ साली भारतीय दंडसंहितेत घातले होते. जे बंधन प्रजेसाठी आवश्यक वाटले, ते स्वतःच्या देशात लागू करण्यास त्यांना सदुसष्ट वर्षे लागली. हे कलम पुढे कोणाकोणाविरुद्ध वापरले गेले, हे आपण जाणतोच. भारतीय न्याय संहितेत ते आज १९६ व्या क्रमांकाने नांदते आहे.

ब्रिटनमध्येही तोच अनुभव आला. १९६७ साली नव्या कायद्याखाली कॉलिन जॉर्डन या नाझी विचारांच्या प्रचारकाला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. परंतु त्याच वर्षी मायकेल अब्दुल मलिक या कृष्णवर्णीय चळवळ्यालाही बारा महिने तुरुंगात धाडण्यात आले. पीडितांसाठी केलेला कायदा पीडितांपैकीच एकावर चालला.

अलीकडच्या वादाचे केंद्र व्याख्येकडे सरकले आहे. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीने मे २०१६ मध्ये ज्यूद्वेषाची एक व्याख्या अकरा उदाहरणांसह स्वीकारली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटिश सरकारने तिला मान्यता दिली. ज्यूद्वेष ओळखता आल्याखेरीज त्याचा प्रतिकार कसा करणार, हा समर्थकांचा युक्तिवाद रास्त आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, इस्राएलशी संबंधित उदाहरणांमुळे त्या राष्ट्राच्या धोरणावरील टीकाही संशयित ठरेल. या व्याख्येच्या मूळ मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनीच, तिचा वापर विद्यापीठांतील भाषणस्वातंत्र्य आवळण्यासाठी होऊ नये, असे आग्रहाने मांडले आहे. मजूर पक्ष २०१८ साली या उदाहरणांवरून दुभंगला होता. पण २०२० साली समता व मानवाधिकार आयोगाने त्या पक्षाला ज्यू सदस्यांच्या छळाबद्दल दोषी ठरवले, ते २०१० च्या साध्या समता कायद्याच्या आधारे. व्याख्येवर वाद चालू असताना नेहमीच्या कायद्याने आपले काम केले.

ऑक्टोबर २०२३ नंतर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. ज्यूंच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्टने २०२३ या एका वर्षात चार हजारांहून अधिक घटना नोंदवल्या. आदल्या वर्षी ही संख्या दोन हजारांच्याही खाली होती. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, योम किप्पूरच्या पवित्र दिवशी, मँचेस्टरमधील एका सिनेगॉगवर हल्ला होऊन दोन उपासकांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर काही दिवसांतच, एकाच ठिकाणी पुनःपुन्हा होणाऱ्या निदर्शनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार पोलिसांना देण्याचा मानस गृहमंत्र्यांनी जाहीर केला. १९३६ चा प्रश्न असा पुन्हा दाराशी येऊन उभा राहिला.

या इतिहासातून मला तीन गोष्टी निष्पन्न होताना दिसतात. पहिली, प्रार्थनास्थळ, शाळा आणि घर यांचे रक्षण ही राज्याची निरपवाद जबाबदारी आहे. स्वातंत्र्याच्या नावाखाली भयग्रस्त माणसाला त्याच्या नशिबावर सोडणे हा स्वातंत्र्याचाच उपहास होय. दुसरी, भाषणावरील निर्बंध शक्य तितका नेमका असावा आणि तो घालताना, हाच अधिकार उद्या आपल्या विरोधकाच्या हाती गेला तर तो आपल्याला चालेल काय, असे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. तिसरी आणि अखेरची, कायदा द्वेषाचा हात धरू शकतो, त्याचे मूळ खणू शकत नाही. ते काम स्टेप्नेच्या चाळीत शेजाऱ्यांनी केले. सरकारने हात धरण्यात कसूर करू नये आणि तेवढ्याने मूळ उपटले गेले, अशा भ्रमात समाजानेही राहू नये.